मदत हवी आहे: मॅसॅच्युसेट्स सरकारकडून ५०० डॉलरचा चेक आलाय. हा कोविडचा पैसा वाटतं तरी कोण?

वरणफळ | एप्रिल २०२२

नमस्कार मंडळी,

मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या किंवा इथल्या सरकारी कारभाराची माहिती असणाऱ्या कुणी जरा प्रकाश टाकावा.

आम्ही वुस्टरजवळच्या एका टाऊनमध्ये राहतो. मी डेकेअरमध्ये असिस्टंट टीचर, नवरा पोस्टडॉक, दोन मुलं. गेल्या आठवड्यात पोस्टाने माझ्या नावाचा ५०० डॉलरचा चेक आला, राज्य सरकारचा. कोविडच्या काळात काम केल्याबद्दल ‘प्रीमियम पे’, असं म्हणतात. मी कुठेही अर्ज केलेला नाही. नवरा म्हणतो, फ्रॉड असणार, भरू नकोस. सध्या चेक फ्रिजवर चुंबकाखाली अडकवून ठेवलाय आणि येता-जाता आम्ही दोघं त्याच्याकडे संशयाने बघतो.

आता खरा घोळ ऐका. मार्च २०२० मध्ये सगळी डेकेअर बंद झाली, तेव्हा आमचं सेंटर इमर्जन्सी चाइल्डकेअर म्हणून चालू राहिलं. नर्स, पोलीस वगैरेंची मुलं यायची. पण मुलं कमी, म्हणून निम्म्या जणींना घरी बसवलं. माझी मैत्रीण त्यात होती. तिने अनएम्प्लॉयमेंट (बेकारी भत्ता) घेतलं, जुलैत परत आली, तेव्हापासून आम्ही दोघी एकाच वर्गात आहोत. तेच डायपर, तीच शेंबडी नाकं, मास्क लावून तोच आरडाओरडा. तिला चेक नाही. उलट आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा ते अख्खं वर्ष घरी बसून लॅपटॉपवर डेटा एंट्री करत होता, त्याला आला! ती बिचारी काही बोलली नाही, पण मलाच ओशाळल्यासारखं झालंय.

दुसरी शंका ग्रीन कार्डची. आमचं आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) पेंडिंग आहे, मी ईएडीवर (वर्क परमिटवर) काम करते. असला सरकारी पैसा घेतला की उद्या ‘पब्लिक चार्ज’ (सरकारवर भार) म्हणून अंगाशी येईल का?

आणि तिसरं, आमच्या सेंटरच्या मालकीणबाई विचारतायत की या फंडातून डेकेअरला काही मिळतं का आणि मागायचं कुणाकडे. राज्याकडे, टाऊनकडे की वॉशिंग्टनला? मे महिन्यात टाऊन मीटिंग (गावच्या मतदारांची सभा) आहे. टाऊनच्या एका कागदावर आर्पाच्या (वॉशिंग्टनच्या कोविड मदतीच्या) रकमेत ‘वुस्टर काउंटीचा वाटा’ असंही लिहिलेलं दिसलं. इथे तर काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला) स्वतःचं सरकारच नाही म्हणतात ना? मग तो वाटा कुणाचा?

प्रश्न बाळबोध असतील तर सांभाळून घ्या.


काठावरचा

चेक खरा आहे, बिनधास्त भरा. मार्चअखेरीला राज्याने साधारण पाच लाख लोकांना पाठवलेत. आमच्याकडेही ‘हा स्कॅम आहे का’ म्हणून फोनवर फोन चालू होते.

आता निकष बघा, म्हणजे मैत्रिणीचं कोडं सुटेल. २०२० मध्ये नोकरीतून किमान १२,७५० डॉलर मिळवलेले हवेत. हा आकडा कुठून आला? तेव्हाचं किमान वेतन तासाला १२.७५, गुणिले आठवड्याला २० तास, गुणिले ५० आठवडे. आणि घरचं एकूण उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या ३०० टक्क्यांच्या आत हवं, म्हणजे चौघांच्या घराला ७८,६०० डॉलर. पोस्टडॉकचा पगार अधिक डेकेअरचा पगार, तुम्ही त्यात बसलात. तिसरी अट, २०२० मध्ये अनएम्प्लॉयमेंट घेतलेलं नसावं. मैत्रीण इथे अडकली. चार आठवडे घेतलं की चाळीस, फरक पडत नाही.

नाव ‘इसेन्शियल’ असलं तरी कोण काय काम करत होतं हे कुणी तपासलंच नाही. रेव्हेन्यू खात्याकडे लोकांचे टॅक्स रिटर्न आहेत, त्यावरून यादी काढली आणि चेक छापले. रिटर्नमध्ये उत्पन्न दिसतं, डायपर दिसत नाहीत. म्हणून तुमचा डेटा एंट्रीवाला आत आणि मैत्रीण बाहेर. अर्ज मागवले असते तर छाननीत वर्ष गेलं असतं, हेही खरं. माझ्या मते पहिल्या फेरीपुरतं ठीक होतं, पण अनएम्प्लॉयमेंटची अट सरसकट लावायला नको होती. लोकांना घरी बसवलं कुणी? ते काय हौसेने बसले होते?

पब्लिक चार्जबद्दल: सध्याच्या नियमात उदरनिर्वाहासाठी दिलेली रोख मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ राहणं, एवढंच धरतात. हा एकरकमी प्रीमियम पे त्यात मोडत नाही. तरी फाइल पेंडिंग असताना आपल्या वकिलाला एक ईमेल टाकून ठेवा, मनाची शांती.


हिशेबनीस

मी म्युनिसिपल फायनान्समध्ये काम करतो (तुमच्या टाऊनमध्ये नाही), म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद तेवढा वाचा.

आर्पा म्हणजे मार्च २०२१ चा १.९ ट्रिलियन डॉलरचा कायदा. त्यातले ३५० अब्ज थेट सरकारांना गेले, पण एका नळाने नाही. राज्यांचा नळ वेगळा, काउंटींचा वेगळा, मोठ्या शहरांचा वेगळा, ५०,०००च्या खालच्या गावांचा वेगळा. गोंधळ होतो तो इथे.

राज्यांना १९५ अब्ज. प्रत्येकाला आधी ५० कोटी डॉलर सारखे आणि उरलेले २०२० च्या शेवटच्या तिमाहीत कुणाकडे किती बेकार होते त्या प्रमाणात. मॅसॅच्युसेट्सच्या वाट्याला सुमारे ५.३ अब्ज आले. आल्या आल्या भांडण लागलं. २०२० चा केअर्स कायद्याचा (आर्पाच्या आधीच्या कोविड मदतीचा) पैसा गव्हर्नर बेकरनी बराचसा आपल्या अखत्यारीत खर्च केला होता. या वेळी विधिमंडळाने तसं होऊ दिलं नाही. बेकर म्हणत होते, २.८ अब्ज लगेच खर्चू, त्यातला एक अब्ज घरांवर. विधिमंडळाने जवळजवळ सगळी रक्कम एका वेगळ्या फंडात टाकून कुलूप लावलं आणि गव्हर्नरांच्या हातात २० कोटी ठेवले. मग उन्हाळाभर सुनावण्या. हॉस्पिटलवाले आले, युनियनवाले आले, घरांसाठी लढणारे आले. नोव्हेंबरात दोन्ही सभागृहांचं न जमताच अधिवेशन उठलं. शेवटी १३ डिसेंबर २०२१ ला बेकरनी सही केली. विधेयक ४ अब्जांचं, त्यात आर्पाचे अडीच अब्ज आणि बाकी राज्याची स्वतःची शिल्लक. तुमचे ५०० डॉलर त्यातल्याच एका ओळीतले: कमी उत्पन्नाच्या कामगारांसाठी ४६ कोटी. पहिल्या फेरीत त्यातले साधारण २५ कोटी गेले. म्हणजे पुढची फेरी येणार, मैत्रिणीला सांगा.

आता काउंटी. तुमचं बरोबर आहे. राज्यात १४ काउंटी, त्यातल्या आठांची सरकारं नव्वदच्या दशकात आणि त्याच्या आसपास गुंडाळली, वुस्टर त्यात आली. नकाशावर काउंटी आहे, शेरीफ आहे, सरकार नाही. पण वॉशिंग्टनचा फॉर्म्युला लोकसंख्येवर काउंटीला पैसे देतो. सरकार नसेल तर ती रक्कम राज्यामार्फत त्याच काउंटीतल्या गावांना डोकी मोजून वाटायची, असं कायद्यातच आहे. म्हणून तुमच्या टाऊनच्या कागदावर दोन ओळी: एक स्वतःचा वाटा, एक न-असलेल्या काउंटीचा. बहुतेक छोट्या गावांत दुसरी ओळ पहिलीपेक्षा मोठी निघते. दोन्हींतला एक सेंटही राज्याला मध्ये ठेवता येत नाही.

याच फॉर्म्युल्याचा फटका चेल्सीला बसला. २०२० च्या वसंतात राज्यातला सगळ्यात वाईट उद्रेक तिथे, दाटीवाटीची तीन मजली घरं, बहुतेक लोक बाहेर जाऊन काम करणारे. पण लोकसंख्या ४०,०००च्या आसपास, म्हणून ‘मोठ्या शहरां’च्या यादीत नाव नाही. तिथला वाटा आजाराच्या हिशेबाने मोजतच नाहीत. सधन न्यूटन मात्र त्या यादीत, कारण यादी जुन्या फेडरल विकास अनुदानाची आहे. बरीच ओरड झाल्यावर राज्याने आपल्या वाट्यातून चेल्सी, एव्हरेट, मेथ्युएन आणि रँडॉल्फ या चौघांना मिळून १०.९ कोटी दिले.

तुमच्या मालकीणबाईंसाठी: डेकेअरचा नळ आणखी वेगळा. आर्पातच चाइल्डकेअर टिकवण्यासाठी देशभरात २४ अब्ज ठेवलेत. इथे ते ‘सी-थ्री’ ग्रँट म्हणून राज्याच्या अर्ली एज्युकेशन खात्यातून जुलै २०२१ पासून मिळतायत. लायसन्समध्ये मुलांची क्षमता किती आणि स्टाफ किती, यावर दरमहा रक्कम ठरते. लायसन्स असलेल्या सेंटरने अर्ज केलाच असेल, नसेल तर आजच करा. टाऊनकडे त्याउपर मागता येईल, पण टाऊन मीटिंगमध्ये नाही. फेडरल ग्रँट खर्चायला इथे टाऊन मीटिंगची मंजुरी लागत नाही, सिलेक्ट बोर्डाची (टाऊनच्या निवडून आलेल्या कार्यकारी मंडळाची) पुरते. मे महिन्यात हात वर करून उभ्या राहाल तर समोरचे म्हणतील, हा विषय वॉरंटवर (सभेच्या विषयपत्रिकेवर) नाही.


टेक्सासकर

अवांतर: तुम्हाला निदान चेक तरी दिसला. आमच्याकडे १५.८ अब्ज आले, त्यातले ७.२ अब्ज बेकारी भत्त्याच्या रिकाम्या झालेल्या फंडात. नियमात बसतं, आणि मालकांवरचा कर वाढला नाही हेही खरं, पण डेकेअरमधल्या बाईला त्यातलं काय दिसणार? अलाबामाने तर ४० कोटी नवीन तुरुंग बांधायला ठेवलेत. कोविड निधीतून तुरुंग! राज्याचं उत्पन्न घटलं असेल तर तेवढी रक्कम कुठल्याही सरकारी कामाला वापरता येते, त्या कलमातून गाडी बाहेर काढली.


हिशेबनीस

@टेक्सासकर, ते कलम छोट्या गावांना तर फारच सोयीचं झालंय. जानेवारीत आलेल्या अंतिम नियमात एक कोटी डॉलरपर्यंत ‘उत्पन्न बुडालं’ असं हिशेब न मांडता धरता येतं. ज्या टाऊनची एकूण रक्कमच एक कोटीच्या आत आहे, ते सगळी रक्कम फायर ट्रकवर घालू शकतं. पेन्शन फंडात जादा भरणा, कर्जफेड आणि राखीव गंगाजळीत भर, तेवढं चालत नाही.

@वरणफळ, म्हणून टाऊनकडे जायचं तर लवकर जा. कागदोपत्री बंदी जवळपास कशालाच नाही, त्यामुळे आधी जो मागेल त्याचा नंबर. २०२४ च्या अखेरीपर्यंत रक्कम कुणाला द्यायची ते ठरवून करार व्हायला हवेत आणि २०२६ च्या अखेरीपर्यंत खर्च. ऐकायला लांब वाटतं, पण गटाराचे पाइप आणि शाळेची छपरं रांगेत आधीच उभी असतात.


वरणफळ

सर्वांचे खूप आभार, विशेषतः हिशेबनीस, शेवटचा परिच्छेदच नाही, सगळं वाचलं. चेक भरला, वटला. नवरा आता म्हणतो, मी तर आधीच म्हणत होतो.

मालकीणबाईंना सी-थ्री मिळतंय असं कळलं, आमच्या पगारात जी वाढ झाली ती त्यातूनच. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. टाऊनकडे त्यांना स्टाफच्या ट्रेनिंगसाठी मागायचंय. मी त्यांच्याबरोबर सिलेक्ट बोर्डाच्या मीटिंगला जाणार आहे, पण मी नागरिक नाही, मतदार नाही. बोलू देतील का?


काठावरचा

देतील. पब्लिक कॉमेंटच्या वेळात अध्यक्षांनी नाव पुकारलं की नाव-पत्ता सांगून बोलायचं, कार्ड कुणी विचारत नाही. वेळ अगदी थोडा असतो, म्हणून रक्कम किती, किती जणींसाठी आणि कधीपर्यंत, हे पहिल्या दोन वाक्यांत. आदल्या दिवशी टाऊन मॅनेजरना तेच ईमेल करा.


वरणफळ | जून २०२२

धागा वर काढतेय. दुसरी फेरी निघाली. या वेळी २०२१ चं उत्पन्न बघतायत, किमान १३,५००, आणि अनएम्प्लॉयमेंट २०२१ मध्ये नको. मैत्रिणीला काल चेक आला! पहिल्या फेरीवाल्यांना दुसऱ्यांदा नाही, ते ठीकच.

सिलेक्ट बोर्डापुढे बोलून आलो. तिथे गेल्यावर कळलं की निम्मी रक्कम पंपिंग स्टेशनसाठी आधीच ठरलेली आहे. उरलेल्यासाठी टाऊन मॅनेजर एक अर्जाचा नमुना काढणार आहेत. त्यात ‘लाभार्थी कोण आणि त्यांना कोविडची झळ कशी बसली’ हे लिहायचंय. हिशेबनीस, तो भाग भरताना तुमच्याकडे परत येते, चालेल ना?