एडविन एडवर्ड्सला लोक परत परत का निवडून देत होते?

मुलुंडकर: काल लोकलमध्ये अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याच्या ह्या गव्हर्नरबद्दल वाचलं, 4 वेळा निवडून आला आणि शेवटी जेलमध्ये गेला, मला खरंच कळत नाहीये एवढे आरोप असताना लोकांनी मत दिलंच कसं? कोणी नीट सांगेल का

गिरगावची ताई: अहो 1991 चं बघा ना, समोर डेव्हिड ड्यूक होता, कू क्लक्स क्लॅन ह्या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेचा माजी म्होरक्या. लोक गाड्यांवर स्टिकर लावून फिरत होते, चोराला मत द्या, महत्त्वाचं आहे. बरोबरच केलं त्यांनी, माझं स्पष्ट मत.

परळवाला: कामंही होती हो त्याची. 1974 ला राज्याची नवी घटना आली, शिवाय तेलावरचा टॅक्स बॅरलमागे ठरावीक रकमेऐवजी किमतीच्या टक्क्यांवर नेला, तेल महागलं तशी तिजोरी भरली, शाळा-रस्त्यांना पैसा मिळाला, मग 80 च्या दशकात भाव पडले आणि तेच अंगाशी आलं

गिरगावची ताई: मान्य, पण कसिनोच्या लायसन्ससाठी पैसे उकळले ते कसं विसरायचं? 2000 मध्ये दोषी ठरला, 10 वर्षांची शिक्षा झाली. राग येतो वाचून.

मुलुंडकर: म्हणजे 1986 ला कोर्टातून निर्दोष सुटला होता ती केस वेगळी?

परळवाला: हो वेगळी, ती हॉस्पिटलच्या परवानग्यांची.