मदत हवी आहे: अ‍ॅबसिंथच्या झुडपाला मराठीत काय म्हणू?

फ्रेंच चित्रकार एदगार दगाच्या १८७५-७६ सालच्या चित्रावर लिहितेय. पॅरिसचा कॅफे, खांदे पाडून बसलेली बाई, समोर अ‍ॅबसिंथचा पेला. त्या पेल्यापाशीच अडलेय. साखरेच्या खड्यावरून गार पाणी थेंबथेंब सोडलं की ही हिरवी दारू दुधाळ होते; फ्रेंच लोक तिला 'हिरवी परी' म्हणत. १९१५ ची फ्रान्समधली बंदी वगैरे सांगता येईल. पण नाव ज्या कडू झुडपावरून पडलं, ते आपल्या दवण्याचं भावंड. नुसतं 'दवणा' लिहावं तर वाचक थेट जोतिबाच्या चैत्रयात्रेत पोचायचा! 'कडू दवणा' चालेल? की युनानीतलं 'अफसंतीन'च ठेवू? मराठीत हा शब्द कुणी वाचलाय का?