मदत हवी आहे: आचेमधली शांतता टिकली कशी?

नमस्कार मंडळी, पुढच्या रविवारी आमच्या अभ्यासमंडळात मला इंडोनेशियातल्या आचे प्रांतावर बोलायचंय.

जवळपास तीस वर्षांच्या लढाईनंतर 15 ऑगस्ट 2005 ला हेलसिंकीत सरकार आणि स्वतंत्र आचेसाठी लढणाऱ्या ‘गाम’ या बंडखोर संघटनेत करार झाला. मध्यस्थ होते फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी. बंडखोरांनी 840 शस्त्रं दिली, ती लोकांसमोर करवतीने कापली गेली. स्वातंत्र्याची मागणी सोडून त्यांनी स्थानिक पक्ष काढायची मुभा मिळवली. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत तुरुंगातून वाचून निसटलेले ‘गाम’चे इरवंदी युसुफ 2006 मध्ये निवडणूक जिंकून थेट गव्हर्नर झाले!

या शांततेचं सगळं श्रेय त्सुनामीला देणं मला पटत नाही. तीच लाट श्रीलंकेतही आली, तिथे युद्ध पुन्हा पेटलंच.

माझं घोडं अडलंय ते न्यायापाशी. सत्य व समेट आयोग करारातच होता, पण आयुक्त नेमले गेले 2016 मध्ये. तोवर बेपत्ता झालेल्यांच्या घरच्यांनी दाद कुठे मागितली? विधवांना काय मिळालं? यावर भरवशाचं वाचन कुणी सुचवेल का? इंग्रजी चालेल, मराठीत असेल तर फारच उत्तम. इंडोनेशियन भाषा येणारं कुणी असेल तर कृपया जरूर कळवा, तिथल्या बायकांच्या साक्षी मुळातून समजून घ्यायच्या आहेत.