मदत हवी आहे: उचलीपायी मुलगा शेठने ठेवून घेतलाय, मुक्तता प्रमाणपत्र कसं मिळवायचं?

नमस्कार. वीटभट्टी मजुरांच्या प्रश्नावर प्रत्यक्ष काम केलेलं कुणी इथे असेल तर जरा लवकर सल्ला हवाय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. जवळच्या कातकरी वाडीतलं एक कुटुंब दिवाळीनंतर भट्टीवर गेलं. नवरा-बायको, पाचवीतला मुलगा आणि धाकटी मुलगी. लग्नखर्चासाठी 25,000 उचल घेतलेली. पाऊस लागल्यावर सगळे परत आले, मुलगा आला नाही. बाकी फिटेपर्यंत गुरं राखेल म्हणून शेठने त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलाय.

त्या बाईने मला एक लहान डायरी दाखवली. दर आठवड्याची खर्ची त्यात नीट लिहिलेली आहे. तांदूळ, दवाखाना, एका ठिकाणी मोबाईलचं रिचार्जसुद्धा. विटा किती पाडल्या, ती पानं मात्र कोरी. तो आकडा फक्त शेठच्या वहीत. शेवटच्या पानावर '28,000 बाकी' आणि खाली अंगठा. म्हणजे 25 घेतले, अख्खा हंगाम घरादाराने माती मळली, विटा थापल्या, आणि देणं 28! पाचवीच्या पोरांना हे गणित कसं शिकवायचं, सांगा.

तालुक्याच्या कचेरीत उत्तर मिळालं, "उचल घेतली होती ना? मग हा पैशांचा वाद, आपसात मिटवा." बांधून ठेवलं होतं का, असंही विचारलं. वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा 1976 चा आहे. कलम 6 प्रमाणे असं कर्ज संपतं आणि कलम 15 प्रमाणे ते वेठबिगारीचं नाही हे मालकाने सिद्ध करायचं, असं मी वाचलं. मग पुरावा आमच्याकडे का मागतात?

अडलंय ते इथे. 1098 वर (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन केला तर मुलगा लवकर सुटेल, पण मग नुसती बालकामगाराची केस होते आणि कुटुंबाचा विषय बाजूला पडतो, असं एकाने सांगितलं. खरंय का? माणसं भट्टीवरून आधीच परत आलीत, त्यांना आता मुक्तता प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला, मिळेल का? सहकारी म्हणतात वर्गणी काढून 28,000 भरून टाकू. खरं सांगते, मुलासाठी तेही करावंसं वाटतं. आणि मी सरकारी नोकर, तक्रार माझ्या नावाने चालेल का?

प्रतिसाद 1

ताई, पैसे अजिबात भरू नका. संपलेल्या कर्जापोटी पैसे घेणं हाच कलम 9 खाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद. शिवाय भरलेत की शेठ म्हणणार, बघा, साधा व्यवहार होता.

1098 वर आजच फोन करा, मुलाला थांबवून ठेवू नका. फक्त लेखी तक्रारीत 'बालकामगार' एवढंच लिहून सोडू नका. उचल, कोरी पानं, बाकीपोटी मुलगा अडकवून ठेवणं, हे सगळं एकाच अर्जात येऊ द्या. बाल न्याय कायद्याचं कलम 79 आणि कुटुंब आदिवासी असल्याने ॲट्रॉसिटीसुद्धा लागू शकते. 2022 मध्ये इगतपुरीकडची कातकरी मुलं मेंढपाळांकडे ठेवल्याचं उघड झालं, तेव्हाही वेठबिगार कायदा लावला होता.

अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांना. चौकशी ही त्यांची जबाबदारी आहे, तक्रार कुणीही करू शकतं. नोकरीची धास्ती असेल तर आईच्या अंगठ्याने द्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

प्रतिसाद 2

'बांधून ठेवलं होतं का' हा प्रश्न आम्हीही फार ऐकलाय! दिल्लीच्या एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1982 सालीच सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं ही घटनेच्या अनुच्छेद 23 खाली सक्तीची मजुरीच. पोटाची अडचण हीसुद्धा सक्ती. अर्जात हे लिहा.

माणसं परत आली म्हणून प्रमाणपत्राचा हक्क जात नाही, पण जबाब लवकर व्हायला हवेत. नवऱ्याचा आणि बायकोचा वेगवेगळा घ्यायला लावा, शेठचा माणूस समोर नको. प्रमाणपत्रही प्रत्येकाच्या नावाने मागा. नाहीतर नवऱ्याच्या एका कागदावर घर उरकतात. सुटलेल्या वेठबिगारांच्या पुनर्वसनाच्या केंद्राच्या योजनेत पुरुषाला 1 लाख, बाई आणि मुलांना 2 लाख आहेत. मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलीय, त्यात वर्षं जातात. 30,000 पर्यंतची तातडीची मदत मात्र निकालासाठी अडवता येत नाही.

डायरी कुणाच्या हातात देऊ नका, पानापानाचे फोटो काढा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, नंबर 15100. ठाणे-पालघरकडे असाल तर श्रमजीवी संघटनेच्या लोकांना गाठा, त्यांचं सुरुवातीपासूनचं काम हेच आहे.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. वर्गणीचा विषय बंद केला. 1098 वर बोलले, त्यांनी शेठच्या घराच्या खाणाखुणा लिहून घेतल्या. अडचण अशी की मुलाचा बाप घाबरलाय, दिवाळीनंतर दुसरं काम कोण देणार म्हणतो, जबाब द्यायला तयार नाही. आई तयार आहे. एकट्या आईच्या जबाबावर चौकशी सुरू होते का? आणि अर्जाचा मसुदा कुणाकडे असेल तर कृपया इथेच टाका.