मदत हवी आहे: भयकादंबरीवरची चर्चा कशी सुरू करू?

मंडळी, आमच्या वाचनगटात हॅलोविनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या रात्री घडणारी एक डार्क फँटसी (जादूच्या काळोख्या जगातली) भयकादंबरी वाचून झाली. रविवारी चर्चा मला सुरू करायची आहे आणि गटात आधीच दोन तट पडलेत. एकजण म्हणतो, 'घाबरलोच नाही, नुसती जादूटोण्याची परीकथा!' दुसरी म्हणते, दोन रात्री दिवा चालू ठेवून झोपले.

मला स्वतःला पहिली शंभर पानं जबरदस्त वाटली. उंबऱ्यावर ठेवलेला, चेहरा कोरलेला सलगमचा कंदील रोज थोडा सुकतो, तोंड आत ओढलं जातं, आणि चेहरा म्हातारा होत जातो. बस्स, एवढंच. कोणी काही समजावत नाही. पुढे मात्र त्या जगाचे नियम, शाप, करार सगळं उलगडून सांगितलंय आणि माझी भीती तिथेच विरली.

गंमत म्हणजे हॅलोविनचा कंदील भोपळ्याचाच असतो, म्हणून सलगम ही लेखकाची चूक आहे असं गटातल्या दोघांना वाटलं. चूक नाही ती. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये आधी सलगमच कोरत. भोपळा आला तो अमेरिकेत. ३१ ऑक्टोबरच्या रात्री सुरू होणाऱ्या साऊन या जुन्या केल्टिक (आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या प्राचीन लोकांच्या) सणाशीही हॅलोविनचं नातं जोडतात.

तर प्रश्न असे: ही पार्श्वभूमी आधीच सांगू, की प्रतिक्रिया येऊ देऊन मग? आणि 'भीती वाटली का' यापलीकडे नेणारा, दोन्ही तटांना बोलतं करणारा पहिला प्रश्न कुणी सुचवेल का? शेवटाकडे लहान मुलाच्या छळाचा एक प्रसंग आहे, त्यावर एकीने पुस्तक मिटलं. तिला चर्चेत कसं सामावून घेऊ?