जॉश ॲलन: यंत्रणेने घडवलेला की यंत्रणेच्या हातून निसटता निसटता वाचलेला?

खोऱ्यातली (धागाकर्ती)

शनिवारी आमच्याकडे जेवायला आलेल्या मंडळींत वाद झाला आणि तो अर्धवट राहिला, म्हणून इथे मांडते. आमच्या एका मित्राचं म्हणणं: "पोरात दम असेल तर तो वर येतोच. जॉश ॲलनकडे बघा." मला नेमकं उलटं वाटतं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चालीची सुरुवात ज्याच्या हातून होते तो. चेंडू हातात आल्यावर दोन-तीन सेकंदांत कुणाकडे फेकायचा, फेकायचा की स्वतः पळायचं, हे तोच ठरवतो. ॲलन आज बफलो बिल्सचा क्वार्टरबॅक आहे आणि २०२४च्या हंगामाचा एनएफएल या व्यावसायिक लीगमधला सर्वोत्तम खेळाडू.

आम्ही कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत राहतो. इथून पश्चिमेला तासाभराच्या आत फायरबॉ लागतं. दोन्ही बाजूंना खरबुजाची, कापसाची, टोमॅटोची शेतं आणि मध्ये हे आठ-नऊ हजार वस्तीचं गाव. ॲलन तिथल्याच शाळेत खेळला, २०१४ साली शाळेतून बाहेर पडला. पहिल्या श्रेणीच्या एकाही विद्यापीठाने स्कॉलरशिप देऊ केली नाही. लहानपणापासून ज्या संघावर त्याचा जीव होता, त्या फ्रेस्नो स्टेटनेही नाही.

मग तो रीडली कॉलेजात गेला. हे कम्युनिटी कॉलेज. इथे कुणालाही प्रवेश मिळतो, आणि कॅलिफोर्नियात अशा कॉलेजांना खेळाडूंना स्कॉलरशिप देता येत नाही. एक हंगाम खेळला आणि देशभरातल्या शेकडो कोचेसना स्वतःच्या खेळाच्या व्हिडिओसकट ईमेल पाठवले. हाती काय आलं? वायोमिंग आणि ईस्टर्न मिशिगन, दोन ऑफर. तो वायोमिंगला भेट देऊन आला म्हटल्यावर ईस्टर्न मिशिगनने आपली मागे घेतली. उरली एक.

एक! वायोमिंगच्या त्या कोचने त्या आठवड्यात ईमेल उघडला नसता तर? "दम असेल तर वर येतो" असं म्हणताना आपण फक्त वर आलेल्यांकडे बघतो. मला या सगळ्या प्रवासात एकच गोष्ट भरवशाची दिसते, ते रीडलीचं उघडं दार.

---

बफलोकर

आदर ठेवून असहमत. मी पंधरा वर्षं बफलोत आहे, ॲलनला पहिल्या वर्षापासून बघतोय.

पहिला मुद्दा: शाळेत असताना तो सडपातळ पोरगा होता. उंची-वजन नंतर भरलं. फायरबॉची शाळा लहान, समोरचे संघही लहान. त्या व्हिडिओंवरून कोचने काय ठरवायचं? त्यांच्याकडे मोजक्या स्कॉलरशिप असतात आणि त्यावर त्यांची नोकरी असते. १७व्या वर्षी जे दिसत होतं त्यावर त्यांनी निर्णय घेतला. त्याला चूक म्हणता येणार नाही.

दुसरा: यंत्रणेला दुसरी, तिसरी पायरी होती म्हणून तर तो पोचला. शाळा, कम्युनिटी कॉलेज, विद्यापीठ, मग ड्राफ्ट, म्हणजे एनएफएलचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू घेतात ती निवड. २०१८च्या ड्राफ्टमध्ये तो सातवा निवडला गेला. त्यासाठी बिल्स बाराव्या क्रमांकावरून वर आले आणि दुसऱ्या फेरीतल्या आपल्या दोन निवडी टँपा बे संघाला देऊन बसले. शाळेनंतर कुणी विचारत नव्हतं तो चार वर्षांत सातवा! याला तुम्ही यंत्रणेचं अपयश म्हणता?

आणि ते ईमेल त्याने पाठवले. हातावर हात ठेवून बसला नाही. याचं श्रेय तुम्ही दाराला का देताय?

---

खोऱ्यातली

ईमेलचं श्रेय त्याचंच. पण ॲरन रॉजर्सचं काय? तोही कॅलिफोर्नियाचाच, चिकोचा. शाळेनंतर त्यालाही कुणी उभं केलं नाही, म्हणून घराजवळच्या ब्यूट कॉलेजात २००२ला खेळला. बर्कलीचे कोच तिथे आले होते दुसऱ्याच खेळाडूला बघायला. त्याच्या व्हिडिओत चेंडू फेकणारा पोरगा त्यांच्या डोळ्यांत भरला, तो रॉजर्स. पुढे चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू (एमव्हीपी) ठरला. एकाच राज्यातले दोन एमव्हीपी चाळणीतून खाली पडले आणि त्याच प्रकारच्या कॉलेजांनी झेलले. मग चाळणीची भोकं तपासायला नकोत का?

---

आकडेमोड

दोघांचाही रोख शाळेच्या टप्प्यावर आहे. मला खरी गडबड पुढे दिसते.

वायोमिंगमध्ये ॲलनचे जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण व्हायचे, म्हणजे आपल्याच खेळाडूच्या हातात पोचायचे. हा आकडा अव्वल क्वार्टरबॅकचा नव्हेच. तरी तो सातवा. का? ६ फूट ५ इंच उंची आणि तोफेसारखा हात. आता ब्रॉक पर्डी बघा. ॲरिझोनाच्या गिल्बर्टमधल्या शाळेतून आयोवा स्टेटला गेला, जवळजवळ चार वर्षं संघ चालवला, आणि २०२२च्या ड्राफ्टमध्ये २६२वा, म्हणजे अगदी शेवटचा निवडला गेला. उंची कमी, हातात तेवढा जोर नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आधीच्या खेळाडूचा पाय मोडला म्हणून मैदानात उतरला आणि पुढच्याच हंगामात संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला.

म्हणजे ॲलनला शाळेत अंगकाठीने मागे ठेवलं आणि ड्राफ्टमध्ये अंगकाठीनेच वर नेलं. खेळ वाचण्याची अक्कल फुटपट्टीने मोजता येत नाही.

आणखी एक. ॲलननंतर तीनच जागांनी, दहावा, जॉश रोझन निवडला गेला. त्याच्या संघाने एका वर्षात त्याला मायामीला देऊन टाकलं आणि दुसरा क्वार्टरबॅक आणला. ॲलनचं पहिलं वर्षही वाईटच होतं: ५२.८ टक्के पास पूर्ण, गुण मिळवून देणारे (टचडाउन) १०, समोरच्यांनी झेललेले (इंटरसेप्शन) १२. पण बिल्सनी धीर धरला. तो रोझनच्या जागी असता तर आपण हा धागा वाचत असतो का?

---

बफलोकर

हा मुद्दा मान्य, पण अर्धाच. धीर धरला कारण तो दरवर्षी बदलताना दिसत होता. ५२.८ वरून ५८.८, आणि २०२०मध्ये ६९.२! त्या वर्षी पास झेलणारा स्टेफॉन डिग्ज संघात आला हे खरं, पण फक्त त्याने एवढा फरक पडत नाही. ऑफ सीझनमध्ये ॲलनने पायांची ठेवण आणि फेक पुन्हा पहिल्यापासून बसवली. आधी त्याचं अंग एकीकडे आणि पाय दुसरीकडे असायचे. जवळचे सोपे पासही तो गोळीसारखे फेकायचा, ते झेलणाऱ्याच्या छातीवर आदळून उडायचे. मी स्टेडियममध्ये बसून हे बघितलंय, पुढच्या रांगेतला म्हातारा डोक्याला हात लावायचा. दोन वर्षांनी तोच पास अलगद ओंजळीत पडायला लागला. पक्की बसलेली फेक मोडून नव्याने शिकणं फार थोड्यांना जमतं, जाणकारही ते अशक्य म्हणत होते. माझा सगळा आग्रह त्यासाठी आहे. दार, नशीब, उंची बोलताना त्या मेहनतीला दुय्यम करू नका.

---

दोन मुलांचा बाबा

खोऱ्यातली ताई, तुमच्या बाजूचा आहे, पण एक गोष्ट तुमच्याही नजरेतून सुटली आहे. ॲलन शेतकऱ्याचा मुलगा, पण घरची मोठी शेती होती. फायरबॉमध्ये बहुसंख्य कुटुंबं लॅटिनो, त्यातली कितीतरी त्याच शेतांत मजुरी करणारी. स्कॉलरशिपशिवाय एक वर्ष कॉलेजात घालवून फक्त खेळायचं आणि ईमेल पाठवायचे, हे त्यांच्या पोरांना परवडतं का? दार उघडं असलं तरी उंबऱ्यापर्यंत यायला पैसे लागतात.

माझा मोठा मुलगा यंदा बारावीला आहे, शाळेच्या संघात क्वार्टरबॅक. रात्री जेवणं झाली की त्याची आई टेबलावर लॅपटॉप उघडून त्याच्या सामन्यांचे तुकडे कापत बसते, मी कोचेसची यादी करतो. आत्तापर्यंत सव्वाशे ईमेल गेले. अकरा उत्तरं आली. त्यातल्या एकात फक्त दोन शब्द होते: "उंची? वजन?" मुलगा पाच फूट दहा. त्याने ते उत्तर वाचलं, फोन उलटा ठेवला आणि जेवत राहिला. एका खासगी शिबिरालाही पाठवलं, तीन दिवसांचे नऊशे डॉलर. तिथे त्याच्या वाट्याला मोजून चौदा फेकी आल्या. आमच्याकडे तेवढे पैसे होते म्हणून हे करता आलं, हे मला कळतं.

---

आकडेमोड

बाबा, मुलाला शुभेच्छा मनापासून. पण आताची हवा ॲलनच्या वेळेपेक्षा वेगळी आहे. २०१८मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी आली, आता विद्यापीठं शाळेतल्या पोरापेक्षा दुसऱ्या विद्यापीठात दोन वर्षं खेळून तयार झालेला खेळाडू घेणं पसंत करतात. शाळेतून थेट जाणाऱ्यांच्या जागा आकसल्या आहेत.

उलट कम्युनिटी कॉलेजवाल्यांना थोडी वाट मोकळी झाली. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा तेव्हाचा क्वार्टरबॅक डिएगो पाविया आधी ज्युनिअर कॉलेजात (कम्युनिटी कॉलेजासारखंच, आपली अकरावी-बारावी नव्हे) खेळला होता. विद्यापीठासाठी ठरावीक वर्षंच खेळता येतं, त्यात ही वर्षं धरू नयेत म्हणून तो कोर्टात गेला. डिसेंबर २०२४मध्ये त्याच्या बाजूने आदेश आला आणि विद्यापीठीय खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेने तशा इतर खेळाडूंनाही एका वर्षाची सूट दिली.

---

खोऱ्यातली

बाबा, उंबऱ्याचं तुम्ही बरोबर बोललात, ते मी मांडायला हवं होतं. ॲलनच्याच वर्गातला, त्याच मैदानावर धावणारा, सुट्टीत खरबुजं तोडायला जाणारा मुलगा मोजायला आपल्याकडे आकडाच नाही. देशात सुमारे दहा लाख मुलं शाळेत फुटबॉल खेळतात, ड्राफ्टमध्ये निवडली जातात वर्षाला साधारण अडीचशे. उरलेल्यांत किती ॲलन होते हे कोण सांगणार?

बफलोकर, मेहनतीला मी दुय्यम करत नाही. पण ती फेक त्याने मोडून नव्याने बसवली, तेव्हा तो एनएफएलमध्ये पगारावर होता. एनएफएलच्या आधीची चार वर्षं तशी नव्हती.

---

बफलोकर

तरीही सांगतो, २०१५मध्ये वायोमिंगला पहिल्याच हंगामात त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हाही पगार नव्हता. पुढच्या वर्षी २८ टचडाउन टाकले. माझं मत बदललेलं नाही.

बाबा, मुलाचा व्हिडिओ मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. इथल्या एका कॉलेजच्या सहायक कोचशी माझी ओळख आहे, निदान तो सगळा बघेल. उंची लिहू नका.