मदत हवी आहे : राख्यांची ऑनलाइन विक्री आणि जॉर्जियाचा सेल्स टॅक्स

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहते. घरी राख्या करून माझ्या वेबसाइटवर विकते. पाकिटात गोंड्याची राखी, कुंकवाची पुडी आणि चिमूटभर अक्षता, किंमत ९ डॉलर. न्यू जर्सीतल्या गिऱ्हाइकांकडून ६.६२५ टक्के टॅक्स घेऊन वेळच्या वेळी भरते. एट्सी या ऑनलाइन बाजारावर जे विकलं जातं त्याचा टॅक्स एट्सीच गोळा करून भरतं.

अडलंय ते जॉर्जियाशी. अटलांटाच्या आसपास आपली मंडळी पुष्कळ, एकीने दुसरीला सांगून तिथल्या ऑर्डरी भराभर वाढल्यात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९९२च्या क्विल निकालाप्रमाणे राज्यात दुकान, गोदाम असं काही असेल तरच तिथला टॅक्स गोळा करावा लागायचा. त्याच कोर्टाच्या २०१८च्या वेफेअर निकालाने ती अट गेली, राज्यात असं काही नसलं तरी विक्रीच्या आकड्यावरून टॅक्स लागू शकतो. आता जॉर्जियात वर्षाला १,००,००० डॉलरच्या वर विक्री किंवा २०० व्यवहार झाले की टॅक्ससाठी नोंदणी आलीच. लाखाचा प्रश्नच नाही, पण एकेका पाकिटाच्या २०० ऑर्डरी म्हणजे जेमतेम १,८०० डॉलर! ज्या साउथ डकोटाच्या कायद्यावरून तो खटला झाला, त्यांनीसुद्धा २०० ची अट २०२३ मध्ये काढून टाकली, नॉर्थ कॅरोलिनाने २०२४ मध्ये. स्वस्त वस्तू विकणाऱ्या घरगुती उद्योगावर हा सरळ अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आकडा २०० च्या जवळ आला की आधीच नोंदणी करावी का? आणि ऐनवेळच्या ऑर्डरी लवकर पोचाव्यात म्हणून अटलांटाजवळ अल्फारेटाला नणंदेच्या गराजमध्ये एक खोकं ठेवायचा विचार आहे. चालेल ना?

प्रतिसाद :
ताई, खोकं पाठवायच्या आधी थांबा. विकायचा माल राज्यात ठेवला की दुकान-गोदामासारखंच तुमचं तिथे प्रत्यक्ष ठिकाण झालं. मग २०० पर्यंत मोजत बसण्यात अर्थ नाही, पहिल्या ऑर्डरीपासून टॅक्स लागू. न्यू जर्सीतूनच पाठवत असाल तर १ जानेवारीपासूनच्या ऑर्डरी मोजा, गेल्या वर्षीचाही आकडा बघा, कारण दोन्हीपैकी कुठल्याही वर्षी मर्यादा गाठली असेल तर नियम लागतो. दीडशे-पावणेदोनशे झाल्या की जॉर्जिया टॅक्स सेंटर या राज्याच्या टॅक्स वेबसाइटवर नोंदणी करून मोकळ्या व्हा. नोंदणीआधी टॅक्स म्हणून एक सेंटही घेऊ नका. आणि एकदा नोंदणीचा नंबर मिळाला की विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचं.

धागाकर्ती :
खूप आभार! खोक्याचा बेत रद्द. त्याऐवजी ऑर्डरीची शेवटची तारीख अलीकडे आणते. आता एवढंच सांगा, जॉर्जियात राज्याचे ४ टक्के आणि वर काउंटीचा वेगळा दर, तोही गिऱ्हाइकाच्या पत्त्याप्रमाणे. शॉपिफायवर (ऑनलाइन दुकान चालवायची सेवा) हे कुणी लावून घेतलंय का?